पॉलिश करूनही जाळी परत येते, पॅड भरतो, कापड अडकतं? आधी जुना वॅक्स उतरला का ते बघा

गाडीला मशीन पॉलिश केलं, संध्याकाळी एकदम झकास दिसली, दोन-तीनदा धुतली आणि उन्हात उभी केली तर बोनेटवर तीच बारीक ओरखड्यांची गोल गोल जाळी परत हजर. ही तक्रार इंदुरात इतक्या जणांकडून ऐकतो की एकदा सगळं लिहूनच टाकतो. याच्याच जोडीची दुसरी तक्रार म्हणजे पॉलिश फिरवताना पसरतच नाही, चिकट होतं, पॅडवर राखाडी वळ्या होतात आणि पुसायला गेलं की मायक्रोफायबर अडकत अडकत जातं. तिसरी अशी की नवीन सीलंट (वॅक्ससारखाच रंग जपणारा थर) मारलं तर अर्ध्या दरवाजावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात आणि अर्ध्यावर पाणी नुसतं पसरून बसतं. तिन्ही वेगळ्या वाटतात पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं, रंगावर आधीचा थर बसलेला आहे आणि आपण रंगावर नाही, त्या थरावर मेहनत करतोय.

बहुतेक वेळा म्हटलं, कायम नाही. पॉलिश चिकट व्हायला पत्रा गरम असणं पुरेसं आहे, पॅडवर माल जास्त घेतला तरी होतं, आधीच्या पॅनलचा वाळलेला माल पॅडमध्ये तसाच असला तरी होतं. पावसाळ्यात हवा दमट असली की काही पॉलिशं वाळायलाच मागत नाहीत. तेव्हा आधी सावलीत, थंड पत्र्यावर, स्वच्छ पॅडने, वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घेऊन छोट्या चौकोनात करून बघा. एवढं करूनही वळ्या होत असतील तर मग पुढचं वाचा.

जाळी परत का येते ते आधी, कारण तिथेच सगळा घोळ आहे. आजकालच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोट असतो, आपल्याकडे पेंटर लोक त्याला लॅकर म्हणतात, आणि तो जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीच्या आसपास. जाळी म्हणजे या लॅकरवरचे बारीक ओरखडे, ते घालवायचे तर आजूबाजूचा लॅकर किंचित घासून सपाट करावा लागतो, दुसरा मार्ग नाही. पण बाजारात जे रबिंग-पॉलिश करून देतात त्यात बऱ्याचदा ग्लेझ असतं किंवा तेल आणि फिलर भरपूर असलेला माल असतो, तो ओरखड्यात जाऊन बसतो, उजेड सरळ परतायला लागतो आणि ओरखडे दिसेनासे होतात. घासलं काहीच नाही, बुजवलं फक्त. दोन-चार धुण्यात आणि वैशाखातल्या उन्हात फिलर निघून जातो आणि जाळी उघडी पडते. मग माणूस परत पॉलिशला नेतो, परत तेच बुजवणं, पैसे दरवेळी जातात आणि लॅकर दरवेळी थोडा थोडा जातो तो वेगळाच.

आता हा थर नेमका कशाचा, ते ठरवल्याशिवाय बाटली उघडू नका. साधा कार्नौबा वॅक्स, तो ब्राझीलच्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून मिळतो, वितळतो ८२ ते ८६ अंशांना, पण गाडीवर जो मारतो त्यात तेल आणि सॉल्व्हंट मिसळलेले असतात त्यामुळे तो काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतो. हा काढणं सगळ्यात सोपं. सिंथेटिक सीलंट पॉलिमरचं असतं, चार-सहा महिने राहतं आणि साबणाला फारसं जुमानत नाही. डिलिव्हरीच्या वेळी शोरूमवाले "सर टेफ्लॉन करून घ्या" म्हणून जे गळ्यात मारतात ते बहुतेक याच कुळातलं, त्याला कायमस्वरूपी कोटिंग समजून घाबरू नका. सिरॅमिक कोटिंगचं प्रकरण मात्र वेगळं आहे, त्याबद्दल खाली लिहितो. आणि एक चौथा थर असतो जो आपण कधी लावलेलाच नसतो. धुलाई सेंटरवर डिझेल किंवा काळपट तेलाचा फवारा मारून देतात ना, गाडी दोन दिवस चमकते, ते तेल. डॅशबोर्ड पॉलिशच्या स्प्रेचं सिलिकॉन उघड्या दारातून बाहेर उडतं, ते. टायर पॉलिश चाक फिरल्यावर उडून मागच्या फेंडरवर येतं, ते पण.

ओळखायची पहिली पद्धत पाण्याची. पाइपाचं नोझल काढा, बोनेटवर सावकाश पाणी सोडा आणि पाइप बाजूला घ्या. टपोरे गोल थेंब राहिले तर काहीतरी थर आहे. पाणी चादरीसारखं सपाट राहिलं, कडा वाकड्यातिकड्या, हळूहळू खाली सरकतंय, तर रंग बऱ्यापैकी उघडा आहे. पण या परीक्षेवर आंधळा विश्वास नको. थरावर धूळ-मळ चढला असेल तर वॅक्स असूनही थेंब होत नाहीत, आणि साबणाचा अंश राहिला असेल तरीही पाणी सपाटच बसतं, मग लोक म्हणतात निघाला वॅक्स, निघालेला नसतो. मागच्या चाकामागच्या भागात तेवढे थेंब आणि बाकी दरवाजा सपाट, असं दिसलं तर तो टायर पॉलिशचा प्रताप समजा.

माझ्या मते खरी परीक्षा मास्किंग टेपची. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची काळी सेडान आहे, त्यांचं म्हणणं रंगच मऊ आहे, कंपनीनेच हलका रंग दिला. बोनेटच्या मधोमध टेपची उभी पट्टी मारली, डावी बाजू तशीच ठेवली, उजवी बाजू नीट उतरवली, म्हणजे कशी ते पुढे येतंच, आणि मग दोन्हीकडे तोच फोम पॅड, तेच पॉलिश, तेवढाच दाब. डावीकडे चौथ्या-पाचव्या फेरीतच पॉलिशचा पातळ पडदा तुटला आणि बोटाने सरकतील अशा बारीक वळ्या पॅडच्या कडेला जमल्या, पुसताना कापड कर्र करून थांबायचं. उजवीकडे पॉलिश शेवटपर्यंत ओलसर राहून पारदर्शक झालं आणि एका हाताने निघालं. काका टॉर्च घेऊन वाकून बघत होते, म्हणाले, "अरे, मग हा रंग नाही तर काय होतं इतके दिवस?" काय होतं, तर थरावर थर. रंगाला दोष द्यायच्या आधी हा टेपचा प्रयोग कराच, अर्धा तास लागतो आणि नुसत्या अंदाजावर भांडणं होत नाहीत.

आता उतरवायची पद्धत. आधी वेळ आणि पाणी. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पार जातो, दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही, त्यावर कुठलंही केमिकल मारलं तर ते काम करायच्या आधी वाळतं आणि डाग पाडतं. सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर, मालव्याच्या रात्री त्यासाठीच थंड असतात असं समजा. पाण्याचं म्हणाल तर नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या दिवशी ड्रम भरून ठेवा आणि शेवटचं धुणं त्याच पाण्याने करा, बोअरिंगने नको. बोअरिंगचं पाणी इथे बऱ्याच वस्त्यांत इतकं जड आहे की वाळलं की पांढरे कडे सोडतं, आणि तुम्ही त्यालाच वॅक्सचा अवशेष समजून तासभर सॉल्व्हंट घासत बसता. ते क्षार आहेत, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे, सॉल्व्हंटला ढिम्म हलत नाहीत, त्यांना आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं करून कापडाने दाबून मिनिटभर ठेवा आणि लगेच धुवा. आरओचं जे पाणी वाया जातं ते गाडी धुवायला जपून ठेवणारे बरेच आहेत, पाणी वाचवायचा विचार छान आहे, पण त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात, ते फरशीला वापरा.

पहिलं धुणं साध्या शाम्पूचं, नुसती धूळ काढायला. इथे बाटली उलटी करून वाचा. "वॉश अँड वॅक्स" लिहिलं असेल तर ती बाटली आज कपाटातच राहू दे. कितीतरी जण इथेच फसतात, उतरवायला बसलेत आणि बादलीतूनच परत लावतायत.

मग येतो भांडी घासायच्या लिक्विडचा प्रश्न, विम जेल किंवा प्रिल. सगळे सांगतात त्याने वॅक्स निघतो. जुना, थकलेला कार्नौबा निघतो, बरं. सीलंट निघत नाही, फक्त वरचा तेलकटपणा जाऊन पाण्याचे थेंब पडणं मंदावतं आणि माणसाला वाटतं झालं. एकदा पॉलिशच्या आधी वापरलं तर काही बिघडत नाही, दर आठवड्याला वापरू नका एवढंच. पण विमची वडी चुकूनही नको, तिच्यात घासणारी खनिज पावडर असते, आणि हिरवी घासणी तर बोनेटच्या जवळपासही आणू नका. हे सांगावं लागतं कारण बाहेर धुवायला ठेवलेली मुलं पक्ष्याची शिट निघत नाही म्हणून नेमकं हेच करतात, आणि मग ते ओरखडे पॉलिशने पण निघत नाहीत.

सीलंटसाठी आणि डिझेल-तेलासाठी खरं काम करतो तो अल्कलाइन क्लीनर, म्हणजे ऑल पर्पज क्लीनर, थोडक्यात एपीसी. पाण्यात साधारण १ ला १० करून, बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर बाटलीचं ऐका. एका वेळी एकच पॅनल, खालून वर मारायचा, मिनिट-दोन मिनिटं ठेवायचा, मऊ मिटने, म्हणजे गाडी धुवायच्या हातमोज्याने, हलक्या हाताने फिरवायचा आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचा. क्रोमच्या पट्ट्या आणि अ‍ॅल्युमिनियमचे रूफ रेल यांच्यावर राहू देऊ नका, पांढरट डाग पडतात. एका फेरीत नाही झालं तर दुसरी फेरी मारा, पण १ ला ३ करून घट्ट मारायची घाई करू नका.

त्यानंतर आयर्न रिमूव्हर. पुष्कळ लोक म्हणतात वॅक्सचा आणि याचा काय संबंध? आहे संबंध. ब्रेकच्या पॅडची, रुळांची लोखंडी भुकटी रंगात रुतून बसते, वॅक्सच्या थराखाली पण असते, आणि ती तशीच ठेवून पॉलिश केलं तर पॅड तिलाच घासत फिरवतो आणि नवीन जाळी तुम्ही स्वतः पाडता. राजेंद्र नगरात रेल्वेलाइनच्या जवळ उभ्या राहणाऱ्या गाड्या किंवा रोज पीथमपूरला कंपनीच्या पार्किंगमध्ये उभ्या असणाऱ्या गाड्या, यांच्यावर जास्त. आयर्न रिमूव्हरमध्ये थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं, ते लोखंडाशी जमलं की जांभळं होतं, पांढऱ्या गाडीच्या डिकीवर मारा आणि बघा, आधी काहीच नाही, मग टाचणीच्या टोकाएवढे जांभळे ठिपके, आणि मग त्यांचे ओघळ नंबर प्लेटपर्यंत. वास मात्र असा की शेजारी खिडकी लावून घेतात, सडक्या अंड्याच्या जातीचा. हातमोजे घाला, तीन-चार मिनिटांत धुवा, वाळू देऊ नका. आणखी एक फायदा असा की जिथे वॅक्स जाड राहिलाय तिथे ते नीट पोचत नाही, शेजारच्या दोन पॅनलपैकी एक जांभळा आणि एक कोरा राहिला तर कोऱ्यावर थर शिल्लक असण्याची शक्यता धरा.

डांबराचे ठिपके दरवाजाच्या खालच्या भागात असतातच, त्यांना टार रिमूव्हर किंवा हार्डवेअरवाल्याकडचं मिनरल टर्पेंटाइन, कापडावर घेऊन, ठिपक्यापुरतं. आणि खरं सांगायचं तर हट्टी वॅक्सला पण हाच हायड्रोकार्बन सॉल्व्हंटचा प्रकार लागू पडतो, आयपीएपेक्षा (ते अल्कोहोल, पुढे येतंच) कितीतरी चांगला. डेंटर-पेंटर लोक रंग मारायच्या आधी जो वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर वापरतात तो हाच. त्यांना त्याची किंमत माहीत आहे, पत्र्यावर सिलिकॉन राहिलं तर ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, फिश आय म्हणतात त्याला, आणि सगळा पॅनल परत करावा लागतो. सियागंजात रंगवाल्यांकडे विचारा, मिळून जातो. दोन कापडं घ्या, एकाने ओला करून पुसायचं आणि तो ओला असतानाच दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच कापडाने पुसत राहिलात तर वॅक्स फक्त इकडचा तिकडे जातो.

घासलेट, डिझेल, पेट्रोल, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा थिनर यातलं काही नको. घासलेट आणि डिझेल तर काढण्यापेक्षा स्वतःचाच तेलकट थर ठेवून जातात, पाणी पण त्यावर मस्त थेंब धरतं, म्हणून तर धुलाईवाल्यांना आवडतं. थिनरने फॅक्टरीचा रंग लगेच जात नाही हे खरं, पण मधे कधी एखादा फेंडर गल्लीतल्या पेंटरकडून साध्या एनसी पेंटमध्ये मारून घेतलेला असला तर तो रंग कापडावर येतो, आणि हेडलाइटच्या प्लास्टिकला बारीक चिरा पडतात त्या वेगळ्या. जुनी गाडी विकत घेतली असेल तर कुठला पॅनल परत रंगवलेला आहे हे मागचा मालक सांगेलच असं नाही, तेव्हा जपून.

मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी. प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून धुतलेल्या ओल्या बोनेटवर बोटं फिरवा, नुसत्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर असेल तरच क्ले करा, उगाच करू नका, क्लेने स्वतःचेही बारीक ओरखडे पडतात. फाइन ग्रेड घ्या, दाब जवळजवळ नाही, सरळ रेषेत, आणि जमिनीवर पडला तर फेकून द्या, पैसे गेले तरी. वंगणाला क्विक डिटेलर (झटपट चमक देणारा स्प्रे) वापरायची सवय असते सगळ्यांना, त्यात पॉलिमर असतं, म्हणजे पुन्हा आपणच थर लावला. त्यापेक्षा वॅक्स नसलेल्या शाम्पूचं फेसाळ पाणी वापरा, स्वस्त पण पडतं.

शेवटी पुसणं, आयपीए, आयसोप्रोपिल अल्कोहोल. दवा बाजारात ७० टक्केवालं मिळतं. त्याचा १ भाग आणि डिस्टिल्ड वॉटर ४ भाग केलं की १४ टक्के होतं, एवढं बस. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे तेच बॅटरीत घालायचं पाणी, नळाचं नको. भरपूर घट्ट मारलं की चांगलं असं काही नाही, घट्ट अल्कोहोलने ताजा रंग तात्पुरता फुगतो-मऊ होतो. हँड सॅनिटायझर हा आयपीएचा पर्याय नाही, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात १.४५ टक्के ग्लिसरीन असतं, हाताला बरं म्हणून, तेच गाडीवर चिकट पडदा ठेवून जातं. आणि मुख्य म्हणजे आयपीए हा वॅक्स काढायचा उपाय नाहीच. तो पॉलिशचं तेल काढायला आणि शेवटचा हात मारायला आहे. वर लिहिलेलं सगळं सोडून नुसतं आयपीए मारून "उतरवलं" म्हणणारे जास्त आहेत, म्हणून स्पष्ट लिहितोय. आग धरतं हे पण लक्षात ठेवा, गरम इंजिनाजवळ आणि बिडी ओढत बसलेल्या मदतनिसाजवळ नको.

इथपर्यंत आलात की गाडी आधीपेक्षा वाईट दिसणार. रात्री मोबाइलचा फ्लॅश तिरका धरून बघितलं तर काळ्या गाडीवर अक्षरशः घासणीने घासल्यासारखं दिसतं. घाबरून लगेच परत वॅक्स लावू नका भिया, बहुतेकांचं चक्र इथेच परत सुरू होतं. जे दिसतंय ते आत्ता झालेलं नाही, ते आधीपासूनच होतं, आज पहिल्यांदा दिसलं. पॉलिश किती कडक लागणार ते पण आत्ताच कळतं, थराखाली झाकलेलं असताना तुम्ही अंदाजाने एकतर फार कडक कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) घेता नाहीतर उगाच हलकं घेता.

एवढं करूनही पॅड परत चिकट झाला तर थर कुठून आला ते शोधा, तो बोनेटच्या मधोमध नसतो, कडेला असतो. गाडीचं नाव लिहिलेल्या बिल्ल्याखाली, दरवाजाच्या हँडलच्या खोबणीत, बोनेटच्या ओठाखाली, टेललाइटच्या फटीत आणि रबराच्या पट्टीला लागून वर्षानुवर्षांचा पांढरा पिवळट वॅक्स साचलेला असतो. मशीन कडेवरून गेली की पॅड तिथून उचलतो आणि स्वच्छ केलेल्या पॅनलवर पसरवतो. जुना मऊ टूथब्रश आणि एपीसीने हे कोपरे आधी साफ करा आणि वर टेप मारा. काळ्या प्लास्टिकवरचे पांढरे डाग पण याच ब्रशने जातात.

तिथेही नसेल तर कापडांकडे बघा. ज्या मायक्रोफायबरने मागच्या वेळी वॅक्स पुसला तोच आज धुतलाय म्हणून घेतला असेल, किंवा घरच्या मशीनमध्ये कपड्यांबरोबर कंडिशनर टाकून धुतला असेल. कंडिशनरचं कामच धाग्यांवर थर ठेवायचं आहे, तो मग काचेवर आणि रंगावर उतरतो. गाडीची कापडं वेगळी, साध्या लिक्विड डिटर्जंटमध्ये, कंडिशनर नाही, आणि वॅक्सची कापडं पॉलिशच्या कापडांत मिसळायची नाहीत. घरात हे सांगून ठेवा, आई मायेने सगळ्यांनाच कंडिशनर घालते. आणि आतली साफसफाई, डॅशबोर्ड पॉलिश वगैरे, बाहेरचं सगळं संपल्यावर, दारं लावून, स्प्रे कापडावर मारून.

सिरॅमिकचं सांगायचं राहिलं. खरं सिरॅमिक कोटिंग ना एपीसीने निघत ना आयपीएने, ते घासूनच काढावं लागतं. पण पाण्याचे थेंब पडायचे थांबले म्हणजे कोटिंग मेलं असं समजू नका, बऱ्याचदा ते क्षार आणि मळाने बुजलेलं असतं, वरचं धुणं, आयर्न रिमूव्हर आणि व्हिनेगर एवढ्यावर परत जागं होतं. वॉरंटी चालू असेल तर मशीन लावायच्या आधी ज्याने केलं त्याला विचारा. पीपीएफ (रंग जपायला चिकटवलेली पारदर्शक फिल्म) असलेल्या पॅनलच्या कडांना सॉल्व्हंट नको, कडा सुटतात. मॅट रंगाच्या गाडीला यातलं पॉलिश लागूच नाही, चमकेल आणि मग कायम चमकत राहील. जुन्या सॉलिड रंगाच्या गाडीवर, जिला लॅकरच नाही, पॅडवर गाडीचाच रंग येणार, तो थर समजून घासत बसू नका.

किती उतरवलं म्हणजे पुरे, हे पण विचारतात. प्रयोगशाळेइतकं कोरं करायची गरज नाही. कंपाउंडची पहिली फेरी जो काही अंश राहिलाय तो स्वतःच कापून काढते, फक्त पहिल्या दोन पॅनलनंतर पॅड बदला किंवा ब्रशने झाडा. वरच्या सगळ्या पायऱ्या दरवेळी करायच्याही नाहीत, साधा वॅक्स असलेल्या घरच्या गाडीला एपीसीची एक फेरी आणि कडांची सफाई यातच निम्म्याहून जास्त काम होतं. कोटिंग लावायचं असेल तर मात्र पॉलिश झाल्यावर आयपीएचा हात परत मारा, कारण आता पॉलिशचं तेल बसलेलं असतं आणि कोटिंग त्यावर पकड घेत नाही.

उतरवलेली गाडी उघडी ठेवू नका फार दिवस, पक्ष्याची शिट आणि झाडाचा चीक सरळ लॅकरला लागतो. पॉलिशचा दिवस फाल्गुनात ठरवत असाल तर रंगपंचमीच्या आधी वॅक्सचा एक थर बसेल असं बघा. राजवाड्याच्या गेरीत, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, गाडी नेणार नाही म्हणाल, पण रंग गल्लीत येतोच. वॅक्स असला की ओला रंग बहुतेक वॅक्सवरच अडतो आणि नंतर एपीसीने वॅक्ससकट निघतो. सुका गुलाल कापडाने पुसू नका, आधी पाण्याच्या धारेने उडवा आणि मगच मिट लावा.